सरांच्या नावावरचे टाके

८ जानेवारी २०२५, बुधवार

काशिनाथ सरांनी राखणदार म्हणून माझं नाव सुचवलं. सकाळी ऑफिसला जाताना बसमध्ये मेल वाचली आणि उधन्याला उतरायचं ते पुढे पांडेसराला उतरले. चालत परत आले. चालताना डोक्यात एकच होतं, त्यांना कळलेलं नाही.

हे आधी नीट लिहून ठेवते, नाहीतर पुढे मीच मला फसवीन.

आमचं 'विणपट' हे एक सॉफ्टवेअर आहे. चौकड्यांच्या कागदावर काढलेली साडीची नक्षी ते जेकार्ड मागाला वाचता येईल अशा फाइलमध्ये बदलून देतं. ते कोणीही फुकट वापरावं, उघडून पाहावं, सुधारावं. सरांनी भुसावळला विणकामाची यंत्रं शिकवण्यात आयुष्य घालवलं, निवृत्त झाल्यावर एकट्याने हे सुरू केलं. आज आम्ही अकरा जण आहोत, त्यातले काम करणारे चार. नियमांचं पान सरांनी स्वतः मराठीत लिहिलं आहे. सदस्य काम पाठवतो. तपासनीस ते सात दिवसांत तपासतो आणि चूक असेल तर उघड लिहून परत पाठवतो. राखणदार शेवटचा शब्द देतो आणि नवी आवृत्ती बाहेर काढतो. ज्याला जबाबदारी झेपत नाही त्याने आपणहून 'मानद' यादीत जावं. तो गेला नाही तर दुसऱ्या राखणदाराने त्याला आदराने, पण सगळ्यांसमोर विचारावं.

मी दोन वर्षं तपासनीस आहे. आणि मी चुका परत पाठवत नाही.

गेल्या ऑगस्टपासून सरांच्या कामात चुका दिसू लागल्या. चूक दिसली की मी त्यांनी पाठवलेल्या बदलातच शिरून ती दुरुस्त करते आणि 'मंजूर' लिहिते. काम स्वीकारताना सगळं एकत्र होऊन एकच नोंद उरते, तिच्यावर नाव सरांचं. मागे जाऊन खोदलं तर दिसेल. पण मंजूर झालेलं कोण खोदतं?

हे मी आप्पांकडून शिकले. आप्पा, माझे वडील, फोल्डिंगमध्ये, म्हणजे विणलेलं कापड घडी घालून पाठवतात त्या खात्यात, तपासणीला आहेत. खाली ट्यूबलाइट लावलेल्या काचेच्या टेबलावरून कोरं कापड ओढायचं, धागा तुटलेला दिसला की सुईने भरून पुढे सोडायचं. मी आठ वर्षांची होईपर्यंत शाळेत नाव नव्हतं. लिंबायतच्या त्या टेबलाशी बसूनच मी अक्षरं गिरवली, कापडाच्या टोकावर खडूने. इंचातले धागे मोजत अंक शिकले. आप्पांनी कधी कोणा कारागिरावर ओरडलेलं मी ऐकलं नाही. सुई घ्यायची, भरायचं, पुढे.

राखणदार व्हायला दोन राखणदारांची संमती लागते. सरांची आहे. दुसरी पल्लवी. ती मूळची परभणीची, आता पुण्यात असते, फार काटेकोर. ती म्हणाली, "या महिन्याची आवृत्ती निभाव, मग मी हो म्हणते."

माय विचारत होती, "पगार वाढनार का?" मी म्हटलं, यात पगारच नाही. ती म्हणाली, "मंग इतली काबर घाबरस?"

१४ जानेवारी, मंगळवार

उतराण, म्हणजे इकडची संक्रांत. सगळी सोसायटी पतंग घेऊन गच्चीवर. अशा गोंगाटात सरांचा फोन आला. खूप आनंद झाला, कारण सर स्वतःहून फोन करत नाहीत.

"हर्षदा, वडील काय करतात तुझे?"

मी सांगितलं. "वा, वा. तरीच तुझी नजर अशी." मग आवृत्तीबद्दल बोललो. मग म्हणाले, "बरं, तुझे वडील काय करतात?"

इकडे 'काप्यो छे' म्हणून पोरं किंचाळत होती, त्यामुळे पहिल्यांदा ऐकू गेलं नसणार. मी पुन्हा सांगितलं. "वा, तरीच तुझी नजर अशी," म्हणाले.

फोन ठेवताना मागून त्यांच्या पत्नी सुभद्राबाई बोलल्या, "हर्षदा ना? तुम्हीच बघून घ्या हं सगळं नीट." किती विश्वास आहे त्यांचा. मला जेवण गेलं नाही.

२२ जानेवारी, बुधवार

सरांचा बदल आला. मागाचे हुक, म्हणजे उभे धागे उचलणारे आकडे, मोजण्याची पद्धत त्यांनी नव्याने लिहिली आहे. तेच बावीस ओळींचं काम दोनदा आहे, एकाखाली एक. काही ठिकाणी मोजणी शून्यापासून, काही ठिकाणी एकापासून. टिपेत लिहिलंय, 'लोटूला दाखवून घेणे'. लोटू नावाचे सदस्य मी येण्याच्या आधीच सोडून गेले.

मला वाटतं ही परीक्षा आहे. राखणदार करण्यापूर्वी मुद्दाम चुका पेरून बघतायत. सर शिक्षकच आहेत शेवटी. पण परीक्षा असेल तर उत्तर काय द्यायचं? उघड लिहिलं आणि परीक्षा नसली, तर माझ्या नावाची शिफारस करणाऱ्या माणसाला मी चारचौघांत नापास केलं असं होईल.

अकरा चुका. दहा भरल्या. अकरावी म्हणजे ती दोनदा लिहिलेली प्रत, ती काढून टाकली. 'मंजूर' लिहिलं.

अमोलचंही काम होतं, ते पण मंजूर केलं. अमोल पलसाण्याच्या एका डाईंग हाउसमध्ये यंत्रांच्या दुरुस्तीला आहे, फावल्या वेळात शिकून शिकून कोड लिहितो. नक्षी आरशासारखी उलटी करण्याचा त्याचा भाग. त्यातही दोन टाके घातले.

२३ जानेवारी

काल लिहिलं त्यात एक खोटं आहे. 'परीक्षा आहे' असं मला वाटत नाही. वाटावं असं वाटतं.

२९ जानेवारी, बुधवार

आवृत्ती बाहेर पडली. पल्लवीने शाबासकीचा अंगठा पाठवला. सरांनी काहीच लिहिलं नाही. त्यांचं माझ्याशी काही बिनसलं आहे का? दिवसभरात सात वेळा मेल उघडली. पुढे मोजणं सोडलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

सुकलाल मामांनी फोटो पाठवला. मामा म्हणजे मायचे लांबचे भाऊ. दिंडोलीत त्यांचं आठ मागांचं खातं आहे. विणपट त्यांना मीच लावून दिलं होतं. फोटोत साडीचा पदर, पदरावर मोर. प्रत्येक मोराची मान मध्येच तुटून बोटभर बाजूला सरकलेली.

फोन केला तर हसत होते. "भाची, तुनं यंत्र मोर काढस का बदक?"

"मामा, किती विणलं?"

"तीन ताका. रातपाळीना माणूसनी दखंच नही. त्याले वाटनं नवी फॅशन शे."

मामा हसले म्हणून मला जास्त लागलं. मग हसू थांबवून म्हणाले, "पोरी, पदर लग्नाना व्हता. आते नवरीकडला लोकेसले काय सांगू?"

६ फेब्रुवारी, गुरुवार

मामांचं गाऱ्हाणं मीच आमच्या विणपटच्या पानावर नोंदवलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पल्लवीने निकाल लावला. बिघाड अमोलच्या भागातला. मान जिथे तुटते तिथूनच त्याचा आरसा सुरू होतो. सरांचा बदलही त्याच फाइलमध्ये आहे, पण तिने लिहिलं, "सरांचं काम मी पाहिलं, स्वच्छ आहे."

स्वच्छ आहेच. मीच धुतलंय ते.

मला तिने वेगळा निरोप पाठवला, "हर्षदा, तू मनाला लावून घेऊ नकोस. तपासनिसाला प्रत्येक ओळ नाही दिसत. पण अमोलला सदस्यांतून काढून पुन्हा साधा वाचक करायचं म्हणते. घाई करतो तो." मतदान उघडलंय, तेरा तारखेपर्यंत. अमोलने एकच ओळ लिहिली: 'माझी चूक असेल तर काढा, पण कुठे आहे ते दाखवा.'

कोणी दाखवलेली नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडली. अमोलची नाही.

सरांची मोजणी तीन ठिकाणी चुकली होती. दोन मी भरल्या. तिसरी त्या दोनदा लिहिलेल्या बावीस ओळींत होती. मी वरची प्रत पुसली आणि खालची ठेवली. वरची बरोबर होती. दर दोन हजार सहाशे अठ्ठ्याऐंशी हुकांनंतर एक हुक सरकतो आणि अमोलचा आरसा तिथून सुरू होत असल्यामुळे फक्त त्याच्याच जागी दिसतो.

म्हणजे मान सरांनी मोडली नाही, अमोलने तर नाहीच. बरोबर ते मी माझ्या हाताने पुसलं.

आता मला बोलायचं तर सगळंच बोलावं लागेल. नुसतं 'माझी चूक' म्हटलं तर पल्लवी विचारेल, सरांच्या बदलात तुझा हात कसा? मग ऑगस्टपासूनचं सगळं निघेल. मोजलं, सरांच्या चौदा बदलांत मिळून त्र्याण्णव दुरुस्त्या. मी राखणदार होणं तर गेलंच. पण सरांचं? अकरा माणसांसमोर त्र्याण्णव?

आणि न बोलले तर अमोल जातो.

कपाटातल्या सगळ्या साड्यांच्या घड्या काढून परत घातल्या. मायने विचारलं, "काय शोधस वं?"

९ फेब्रुवारी, रविवार

सरांनाच विचारावं म्हणून फोन लावला. त्यांनी सांगितलं तर मी सुटते, असा भित्रा विचार होता, लिहून ठेवते.

सुभद्राबाईंनी उचलला. सर झोपलेत म्हणाल्या. सकाळचे अकरा वाजले होते. मी म्हटलं, "काकू, सरांच्या कामात हल्ली थोडी थोडी..."

त्या लगेच म्हणाल्या, "तुम्ही करता ना नीट? मग झालं तर. ते कॉम्प्युटरसमोर बसले की बरे असतात हो. बाहेर गेले की मला काळजी. तिथे त्यांचं सगळं बरोबर येतं."

मी म्हटलं, होय काकू, बरोबर येतं.

माणसाला घराबाहेर जायचा कंटाळा येतो या वयात. पण काकू कंटाळा नाही, काळजी म्हणाल्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आप्पा डबा विसरून गेले. मला आज ऑफिसला दुपारून जायचं होतं म्हणून मी द्यायला गेले. त्या टेबलाशी मी सोळा वर्षांनी गेले असेन. तीच काच, खालून तोच पांढरा उजेड. आप्पांचा चष्मा तेवढा जाड झालाय.

लहानपणी मी त्यांच्या डाव्या हाताला स्टुलावर बसायचे, सुई चालते त्या बाजूला. आज उभी होते, उजवीकडे. त्यांनी तुटका धागा पाहिला, सुईने भरला, आणि मग खिशातून बोटभर लाल दोरा काढून कापडाच्या उजव्या काठाला, नेमका त्या जागेसमोर, गाठ मारून बांधला. कापड पुढे ओढलं.

"आप्पा, हे काय?"

"खूण."

"कसली?"

"इथं भरेल शे म्हनीसन. पुढलाले कयाले पाहिजे ना." मग माझ्याकडे पाहिलं. "तुले माहीत नही?"

त्यांनी काठ माझ्यापुढे धरला. त्या एका ताक्याला सात लाल दोरे लोंबत होते.

"सांजले ह्या दोरा मोजतस. कोना मागवर किती, ते त्या कारागीरले जाईसन सांगतस. मंग तो आपला माग नीट करस."

"त्याला राग नाही येत?"

"येस ना. मंग दुसरा दिवशी ताका चांगला येस." सुई पुन्हा कापडात गेली. "दोरा नही बांधा ते सुई म्हनजे चोरी. कापडनी बी, कारागीरनी बी."

कापडाची चोरी समजली. कारागिराची कशी ते विचारलं.

"त्याना मागनं काय बिघडं, ते त्याले कवय कयी?" म्हणजे कधी कळणार.

थोड्या वेळाने मी विचारलं, "कारागीर म्हातारा असला तर, आप्पा? सगळं त्यानेच शिकवलेलं असलं तर?"

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला. "जोडे बसीसन सांगनं. वरडीसन नही. पन सांगनं." आणि मग हसून, "मी तुले सुई शिकाडी, दोरा दखाडाना राही गया. तू डावीकडे बसे ना."

बाहेर आले तर रिक्षावाला 'बेन, क्यां जवानुं?' विचारत होता आणि मला ऑफिसचा पत्ता आठवेना.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लिहिलं. चार वेळा खोडून पाचव्यांदा. आमच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असं. इथे उतरवून ठेवते:

'मोराची मान अमोलमुळे तुटली नाही. सरांच्या बदलातली बरोबर प्रत मी पुसली आणि चुकीची ठेवली. ती ओळ खाली दाखवली आहे. मतदान थांबवावं.

'दुसरं. ऑगस्टपासून मी सरांच्या चौदा बदलांत त्र्याण्णव जागी आणि अमोलच्या नऊ बदलांत एकतीस जागी न सांगता दुरुस्ती केली. प्रत्येक जागेची यादी जोडली आहे. तपासनिसाने चूक उघड लिहावी असा नियम आहे. मी तो पाळला नाही, आणि त्यामुळे ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कळलं नाही. राखणदार म्हणून माझं नाव मागे घ्यावं.

'तिसरं. मी राखणदार नाही, तेव्हा हे विचारण्याचा अधिकार माझा नाही. पल्लवीने विचारावं अशी विनंती: सर, विणपट तुम्ही उभं केलं. आता तुमचं नाव मानद यादीत पहिलं लिहावं का?'

तिसरा परिच्छेद पाठवण्याआधी सुभद्राबाईंना फोनवर वाचून दाखवला. जोडे बसीसन, शेजारी बसून, म्हणाले होते आप्पा. भुसावळच्या माणसाशेजारी फोनवरून तेवढंच बसता येतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मुलाला मी अजून सांगितलं नाहीये." मला वाटलं मानद यादीबद्दल. मी म्हटलं, "अजून कुणालाच सांगितलं नाही काकू, आधी तुम्हालाच." त्या म्हणाल्या, "पाठवा तुम्ही."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मतदान बंद. अमोल राहिला. तो आनंदी होईल असं वाटलं होतं. त्याचा फोन आला.

"ताई, एकतीस?"

"हो."

"आन मी इकडे कंपनीत सांगत फिरतो, माझं काम एकदाबी परत येत नाही म्हणून. च्यामारी, मला वाटलं मी हुशार आहे."

मी माफी मागितली. तो म्हणाला, "माफी राहू द्या. यादी वाचली रातभर. सतरा चुका एकच आहेत, पुन्हा पुन्हा. पहिल्या टायमालाच बोलल्या असत्या तर सोळा वाचल्या असत्या न." आणि फोन आपटला. तासाभराने त्याने त्या बावीस ओळींची दुरुस्ती पाठवली. एक चूक आहे. मी ओळीखाली उघड लिहिलं आणि परत पाठवलं. बोट 'पाठवा'वर किती वेळ होतं ते लिहीत नाही.

पल्लवीने तीन शब्द लिहिले: 'नाव मागे घेतलं.' थोड्या वेळाने आणखी: 'तपासनीस राहा. मीही सरांचं नाव पाहून डोळे मिटले.' सरांना मानद यादीबद्दलचा प्रश्न तिने रीतसर विचारला आहे.

सरांचं उत्तर नाही.

१४ फेब्रुवारी

नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सुकलाल मामांकडे जाऊन नवी फाइल लावून आले. पहिला मोर निघाला तो मामांनी सगळ्या कारागिरांना बोलावून दाखवला. "दखा, मान शे!" लग्न पुढच्या आठवड्यात आहे. पदर मागावर चढलाय. तुटक्या मानेच्या कापडाचं काय करणार विचारलं, तर मामी म्हणाल्या गोधड्या.

सर रागावले असणार. रागावले तर चांगलंच. राग आला की ताका चांगला येतो. हे मी स्वतःला सांगतेय.

१६ फेब्रुवारी, रविवार

सरांचं उत्तर आलं. आमच्या पानावर नाही, मला एकटीला.

तीन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा विणपटला एक लहानशी चूक कळवली होती, तेव्हा मला आलेलं सरांचं पत्र मला पाठ आहे. त्यातली बरीच वाक्यं आजच्या पत्रात जशीच्या तशी आहेत:

'नमस्कार. तुमची यादी पूर्ण वाचली. त्र्याण्णव जागा, आणि एकही उगाच काढलेली नाही. तुम्ही नवीन दिसता. घाई नको, आधी नियमांचं पान वाचा. चूक शोधणारा माणूस आम्हाला हवाच असतो. एक विचारतो, राग मानू नका: तुमचे वडील काय करतात?'

पुन्हा वाचलं. मायने दोनदा चहाला हाक मारली.

मग उत्तर लिहिलं.

'नमस्कार सर. होय, नवीन आहे. नियमांचं पान वाचलं, आता नीट वाचलं. वडील कापड तपासतात. तुटलेल्या जागी टाका घालतात आणि काठाला लाल दोरा बांधतात.'

पाठवलं. दहा मिनिटांत उलट उत्तर आलं.

'वा. तरीच तुमची नजर अशी.'